आई या काठावर, बाप त्या काठावर

क्रिकेटचा सामना पाहताना तुमचे सारे लक्ष फलंदाजाकडे असते. त्याच्या हातातल्या बॅटीच्या लाकडाचा विचार कोण करतो? हे लाकूड वजनाला हलके असते, पण वेगाने आलेल्या चेंडूचा मार ते सहज सोसते. इंग्लंडमध्ये आणि आपल्या काश्मीरमध्ये पाणथळ जागी वाढणाऱ्या विलो नावाच्या झाडाचे हे लाकूड. आता मी तुम्हांला एक प्रश्न विचारतो. चांगली इंग्लिश बॅट नराची असते की मादीची?

हसू नका! प्रश्न थट्टेचा नाही. या प्रश्नाला खरोखरच उत्तर आहे. इंग्लंडमध्ये बॅटीसाठी विलोचा जो प्रकार मुद्दाम लावतात, त्याची बहुतेक सर्व झाडे मादीझाडे असतात. म्हणजे बॅट बहुधा मादीची!

विलोला मराठीत वाळुंज म्हणतात. वाळुंजाच्या जगात सुमारे चारशे जाती आहेत. उत्तरेकडच्या थंड प्रदेशात त्या फार आढळतात. काही जाती उंच वृक्ष होतात, तर ध्रुवाजवळच्या काही जाती जमिनीला चिकटून जेमतेम काही सेंटिमीटर वाढतात. सॅलिक्स टेट्रास्पर्मा ही त्यांतली एक जात आपल्या सह्याद्रीतही ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठी वाढते. या सर्व भावकीत एक गोष्ट जवळजवळ सारखी आहे. त्यांच्यात नर वेगळा आणि मादी वेगळी असते.

झाडात नर आणि मादी?

तुमच्या परसात कोणी पपई लावली असेल. झाड जोमाने वाढले, त्याला लांब दांड्यांवर लोंबणारे फुलांचे झुबके आले, पण फळ काही धरले नाही. मग आजी म्हणाली असेल, "अरे, ही नर पपई आहे!" वाळुंजाचेही तसेच आहे.

बहुतेक वनस्पतींत मात्र असे नसते. जास्वंदीचे एक फूल तोडून पाहा. मधल्या लांब नळीवर पिवळ्या परागकणांनी भरलेले पुंकेसर दिसतील आणि नळीच्या टोकाला स्त्रीकेसराची पाच लाल टोके दिसतील. नर आणि मादी एकाच फुलात नांदतात. अशा फुलाला द्विलिंगी फूल म्हणतात.

वाळुंजाची फुले अगदी बारीक असतात. त्यांना रंगीत पाकळ्या नसतात. अशी शेकडो फुले एका लवचीक दांडीवर दाटीने बसतात आणि त्यांचा मांजराच्या शेपटीसारखा मऊ तुरा बनतो. वनस्पतिशास्त्रात त्याला नतकणिश म्हणतात. नरझाडाच्या तुऱ्यात फक्त पुंकेसर असतात. तुरा फुलला की तो परागकणांनी पिवळा दिसू लागतो. मादीझाडाच्या तुऱ्यात फक्त हिरवट अंडाशय असतात. दोन्ही फुलांत थोडा मध असतो, म्हणून मधमाश्या दोन्हीकडे जातात आणि जाता जाता परागकण पोचवतात. वाराही या कामी हातभार लावतो.

पुढे मादीझाडावर बोंडे तडकतात आणि त्यांतून कापसाचे तंतू लागलेले बी बाहेर पडते. हे बी इतके लहान असते की त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. ते वाऱ्यावर दूर जाते, पण काही दिवसांतच त्याला ओली, उघडी माती मिळाली नाही तर ते मरते. म्हणूनच वाळुंज नदीकाठी, पुराने नुकत्याच आणून टाकलेल्या गाळावर उगवतो.

आता विचार करा. झाडाला पाय नाहीत. ते जोडीदार शोधायला जाऊ शकत नाही. नर या काठावर आणि मादी त्या काठावर असेल, तर सारी भिस्त माशीवर आणि वाऱ्यावर. शिवाय निम्म्या झाडांना बी धरतच नाही. एवढा तोटा सोसून वाळुंजाने नर-मादी वेगळे का ठेवले असतील? दोन्ही एकाच फुलात असते तर काय बिघडले असते?

डार्विनचे दोन वाफे

या प्रश्नाच्या उत्तराचा धागा चार्ल्स डार्विनला एका वाफ्यात सापडला. त्याने एका रानफुलाच्या रोपांचे दोन वाफे शेजारी शेजारी लावले होते. एका वाफ्यातले बी फुलाला त्याचेच पराग मिळून तयार झालेले होते, तर दुसऱ्यातले बी दुसऱ्या झाडाचे पराग मिळून तयार झालेले होते. माती तीच, पाणी तेच. पण दुसऱ्या वाफ्यातली रोपे स्पष्टपणे उंच आणि सशक्त निघाली. डार्विन चकित झाला. त्याने मग अकरा वर्षे पन्नासांहून अधिक जातींवर प्रयोग केले आणि १८७६ साली त्यांचे निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

त्यांतला एक प्रयोग फार गाजला. मॉर्निंग ग्लोरी नावाच्या वेलीच्या त्याने दहा पिढ्या वाढवल्या. परक्या परागांपासून झालेल्या वेलींची उंची १०० मानली, तर स्वतःच्या परागांपासून झालेल्या वेलींची उंची सरासरी ७७ भरली. पण डार्विन प्रामाणिक संशोधक होता. सहाव्या पिढीत स्वपरागाची एक वेल आपल्या प्रतिस्पर्धी वेलीपेक्षा उंच वाढली, हेही त्याने नोंदवून ठेवले आणि त्या वेलीला 'हीरो' असे नाव दिले! एखादा अपवाद निघाला म्हणून सरासरी खोटी ठरत नाही आणि सरासरी दिसली म्हणून अपवाद लपवायचा नसतो, हे यातून शिकण्यासारखे आहे.

जवळच्या नात्यातल्या अशा संकराला अंतःप्रजनन म्हणतात. स्वतःचेच पराग स्वतःला मिळणे हा त्याचा सर्वांत टोकाचा प्रकार. त्यामुळे संतती दुबळी का होते, हे डार्विनला सांगता आले नाही. आनुवंशिकतेचे नियम मेंडेलने १८६६ साली प्रसिद्ध केले होते, पण त्यांच्याकडे जगाचे लक्ष गेले १९०० साली!

फाटलेले पान

समजा, तुमच्याजवळ एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आहेत. एक आईने दिली, एक वडिलांनी. आईच्या प्रतीतले चाळिसावे पान फाटलेले आहे. काही बिघडत नाही. ते पान तुम्ही वडिलांच्या प्रतीत वाचता. वडिलांच्या प्रतीतले नव्वदावे पान फाटलेले असेल, तर ते आईच्या प्रतीत वाचता येते. पण एकच पान दोन्ही प्रतींत फाटलेले असेल तर? मग ते वाचण्याचा मार्गच उरत नाही.

सजीवांच्या पेशीत जनुकांच्या अशाच दोन प्रती असतात. त्यांत काही जनुके बिघडलेली असतात. जोडीदार जनुक चांगले असेपर्यंत बहुतेक वेळा हा बिघाड झाकून राहतो. आता थोडे गणित करू या. हरितद्रव्य तयार करण्यासाठी लागणारे एक जनुक घ्या. एका झाडात त्याची एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली आहे. झाड हिरवेगार दिसते. या झाडाला स्वतःचेच पराग मिळाले, तर बीजांडात बिघडलेली प्रत येण्याचा संभव १/२ आणि परागात येण्याचाही १/२. दोन्हीकडून बिघडलेली प्रत येण्याचा संभव १/४. म्हणजे दर चार रोपांमागे सरासरी एक रोप पांढरे निघून मरणार!

आता याच झाडाचा परक्या झाडाशी संकर होऊ द्या. समजा, शंभर झाडांत एकाच झाडात तो बिघाड लपलेला आहे. मग रोप पांढरे निघण्याचा संभव १/१०० गुणिले १/४, म्हणजे १/४००. कोठे चारांत एक आणि कोठे चारशेंत एक! आणि झाडात असा एकच बिघाड नसतो, अनेक असतात. एकेकाने प्राण जात नसला, तरी सगळे मिळून रोपाला खुरटे करतात.

म्हणून अनेक वनस्पती स्वतःच्या परागांना दूर ठेवतात. काही वनस्पतींत स्त्रीकेसर स्वतःचे पराग ओळखतो आणि त्यांना वाढूच देत नाही. काहींचे पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर. वाळुंजाने सर्वांत खात्रीचा उपाय केला. ज्याच्याकडे पराग आहेत त्याच्याकडे बीजांडे नाहीत, आणि जिच्याकडे बीजांडे आहेत तिच्याकडे पराग नाहीत. मग स्वतःशी संकर होणार कसा? क्वचित एखाद्या झाडावर दोन्ही प्रकारची फुले येतात, पण तो अपवाद.

नाणेफेक कोठे होते?

रोप नर होणार की मादी, हे कोण ठरवते? माणसात हे काम एक्स आणि वाय या गुणसूत्रांचे आहे, हे तुम्ही शाळेत शिकला असाल किंवा लवकरच शिकाल. स्त्रीमध्ये दोन एक्स आणि पुरुषामध्ये एक एक्स व एक वाय. पक्ष्यांत उलटे असते. तेथे नरात दोन झेड आणि मादीत एक झेड व एक डब्ल्यू. म्हणजे माणसात नाणेफेक वडिलांकडून होते, कोंबड्यात आईकडून.

वाळुंजाच्या साध्या जातींत गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात. त्यांतल्या एका जोडीचा एक तुकडा लिंग ठरवतो. पण तो कोणत्या जोडीत आहे? येथे शास्त्रज्ञांना नवल दिसले. युरोपात ज्याच्या फोकांच्या टोपल्या विणतात त्या वाळुंजात हा तुकडा पंधराव्या जोडीत सापडला आणि त्याची पद्धत पक्ष्यांसारखी निघाली, नाणेफेक मादीकडून. अमेरिकेतल्या काळ्या वाळुंजात तो सातव्या जोडीत सापडला आणि पद्धत माणसासारखी; नाणेफेक नराकडून! वाळुंजाच्या कुळातलाच जवळचा नातेवाईक म्हणजे पॉप्लर. त्याच्यात हा तुकडा बहुधा एकोणिसाव्या जोडीत असतो. एकाच कुळात लिंग ठरवणारी कचेरी अशी वेगवेगळ्या जागी!

मग कारकूनही वेगळा असतो काय? २०२० साली पॉप्लरवरचे एक महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले. एआरआर-१७ नावाचे एकच जनुक दिव्याच्या बटनासारखे काम करते, असे त्यात दिसून आले. ते चालू असले की मादीफुले येतात, बंद असले की नरफुले. पुरावा कसा मिळवला? मादी पॉप्लरमधले हे जनुक शास्त्रज्ञांनी मुद्दाम निकामी केले, तेव्हा त्या झाडाला नरफुले आली! पॉप्लरच्या काही जातींत वाय गुणसूत्रावर या जनुकाचे तुटके तुकडे असतात आणि ते मूळ जनुकाला गप्प बसवतात. म्हणून वाय मिळालेले झाड नर होते. पांढऱ्या पॉप्लरमध्ये हे जनुक डब्ल्यूवरच असते. म्हणून डब्ल्यू मिळालेले झाड मादी होते. वाळुंजाच्या काही जातींतही लिंग ठरवणाऱ्या तुकड्यात याच जनुकाच्या पूर्ण किंवा अपुऱ्या प्रती सापडल्या आहेत. कचेरी हलली, तरी कारकून बहुधा जुनाच!

याचा व्यवहारात उपयोगही आहे. वाळुंजाचे रोप फुलावर येईपर्यंत ते नर की मादी हे पाहून कळत नाही. आता काही जातींत लहानशा पानातला डीएनए तपासून ते आधीच सांगता येते.

या माहितीअभावी गोंधळ कसा होतो, त्याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. काश्मीरमध्ये अमेरिकेतून आणलेले पॉप्लर फार लावले गेले. दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांचा कापूस हवेत उडू लागला आणि त्यामुळे श्वासाचे विकार होतात, अशी तक्रार वाढली. २०१५ साली तेथील उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मादी पॉप्लर तोडण्याची मोहीम सुरू झाली. पण तुम्हांला आता ठाऊक आहे, कापूस म्हणजे बियांचे तंतू, पराग नव्हेत. वावडे उत्पन्न करतात ते मुख्यतः परागकण, आणि ते येतात नरझाडावरून!

भावंडांचे काय?

एवढा बंदोबस्त केल्यावर वाळुंज अंतःप्रजननापासून कायमचा सुटला काय? नाही. स्वतःशी संकर टळला, पण भाऊ आणि बहीण शेजारी शेजारी वाढले तर? मघाचेच गणित घ्या. आईत एक बिघडलेली प्रत आहे आणि बापात एकही नाही. प्रत्येक अपत्याला ती मिळण्याचा संभव १/२. भाऊ-बहीण दोघांनाही मिळण्याचा संभव १/४. त्यांच्या संततीत दोन्ही प्रती बिघडलेल्या असण्याचा संभव आणखी १/४, म्हणजे एकूण १/१६. चारांत एकपेक्षा बरे, पण चारशेंत एकपेक्षा पुष्कळ वाईट.

मोठ्या नदीकाठी हा धोका कमी असतो. कापूस बियांना दूर नेतो, माश्या आणि वारा पराग दूर नेतात, आणि भावंडे आपोआप पांगतात. पण झाडेच थोडी उरली तर?

स्कॉटलंडच्या डोंगरांवर हेच घडले आहे. तेथे उंचावर लोकरी वाळुंज नावाचे एक ठेंगणे झुडूप वाढते. त्याच्या पानांवर रुपेरी लव असते. मेंढ्यांनी आणि हरणांनी शतकानुशतके कोवळे फुटवे खाल्ले आणि जेथे त्यांचे तोंड पोचत नाही अशा कड्यांच्या कपारींतच ही झुडपे शिल्लक राहिली. एका कपारीत थोडी झुडपे, मग कित्येक किलोमीटर काहीच नाही. कोठे सगळी मादी, कोठे एकच नर, कोठे तर एकच झुडूप! जे लिंगभेदाचे कवच इतकी युगे वाळुंजाच्या उपयोगी पडले, तेच आता ओझे झाले. एकटी मादी दर वर्षी फुलते आणि रिकामी राहते. जेथे दोन-चार झुडपे आहेत, तेथे पुढची पिढी एकमेकांची जवळची भावंडेच असणार. म्हणून तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ कड्यांवर चढून निरनिराळ्या ठिकाणचे फाटे आणि बी गोळा करतात, रोपे वाढवतात आणि कुंपण घातलेल्या जागी नर-मादी एकत्र लावतात.

एका फांदीचे वन

वाळुंजाच्या कथेत माणसाने आणखी एक गुंता केला आहे. वाळुंजाची फांदी ओल्या मातीत खोचली की तिला मुळे फुटतात. बियांची गरजच नाही! सेंट हेलेना बेटावर १८२१ साली नेपोलियनला पुरले, ते वाळुंजांच्या सावलीत. तेथे येणारे प्रवासी आठवण म्हणून त्या झाडांच्या डहाळ्या नेत आणि दूरदेशी लावत.

पण फांदीपासून झालेले झाड म्हणजे मूळ झाडाचेच शरीर. मूळ झाड नर असेल तर नवे झाडही नर. न्यूझीलंडमध्ये युरोपातून नेलेला एक वाळुंज आहे. त्याच्या फांद्या जराशा धक्क्याने काडकन मोडतात. तेथे त्याची फक्त नरझाडे आढळतात. बी नाही, तरी मोडलेल्या फांद्या पाण्याबरोबर वाहत जाऊन रुजतात आणि मैलोन् मैल प्रवाह अडवतात. त्याच देशात गेलेल्या करड्या वाळुंजाचे नर-मादी दोन्ही पोचले. तो मात्र बियांनी उडत उडत दलदलींत पसरला. एकाच घराण्यातली दोन झाडे, पण एकाला जोडीदार मिळाला आणि एकाला नाही, एवढ्या फरकाने दोघांची चाल बदलली.

आता आपल्या बॅटीकडे परत येऊ. बॅटीचा वाळुंजही फांद्या लावूनच वाढवतात आणि साधारण १५ ते २० वर्षांत तोडतात. सर्व झाडे सारखी वाढतात, सर्वांचे लाकूड सारखे निघते. कारखानदाराला हेच हवे असते. पण सारखेपणाला दुसरी बाजूही आहे. एका जिवाणूमुळे या झाडांना एक रोग होतो. लाकडात पाण्याचे ओघळ सुकल्यासारखे डाग पडतात, ते ठिसूळ होते आणि बॅटीच्या कामाचे राहत नाही. रोगट झाड तोडून जाळणे एवढाच उपाय उरतो. बियांपासून झालेल्या रानात प्रत्येक झाड थोडे निराळे असते. एक पडले तरी दुसरे तगण्याची आशा असते. पण सगळे बनच एका झाडाचे असेल, तर जे एकाला सोसत नाही ते कोणालाच सोसणार नाही.

तुम्ही काय कराल?

पुढच्या सहलीत ओढ्याकाठी वाळुंज दिसला, तर तो ओळखून काढा. पाने लांबट, टोकदार, फुलोरा शेपटीसारखा. भिंगातून फुलोरा पाहा. पिवळे पराग असतील तर नर, हिरवे अंडाशय असतील तर मादी. किती नर आणि किती मादी दिसल्या, फुलोरा कोणत्या महिन्यात आला, याची वहीत नोंद ठेवा. शिक्षकांच्या परवानगीने पेन्सिलीएवढी एक डहाळी आणून पाण्याच्या बाटलीत उभी ठेवा आणि मुळे किती दिवसांत फुटतात ते पाहा.

आणि तुमच्या गावात ओढ्याची दरड सावरण्यासाठी कधी वाळुंज लावायचे ठरले, तर मोठी माणसे कदाचित जवळच्या एकाच झाडाच्या शंभर फांद्या तोडून आणतील. तेव्हा धीटपणे सांगा, "काका, एकाच झाडाच्या नकोत. दहा झाडांच्या दहा-दहा आणू या, वेगवेगळ्या ओढ्यांवरच्या, काही नर आणि काही मादी." ते विचारतील, "झाडात कसले नर आणि मादी?" मग त्यांना बॅटीपासून सुरुवात करून सगळी गोष्ट सांगा.